टर्बो इंजिन उघडलंय, कॉम्प्रेशन रेशो ८.५ ठेवू की वाढवू?

तिसरा_सिलिंडर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण आता निर्णय घ्यायची वेळ आलीय आणि डोकं पूर्ण गरगरतंय.

इंजिन २.० लिटर, चार सिलिंडर, बोअर ८६ स्ट्रोक ८६, कंपनीतूनच टर्बो आलेलं, पुस्तकात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ८.५ लिहिलाय. पोर्ट इंजेक्शन, म्हणजे इंधन सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेतच फवारलं जातं. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, मूळचा ०.७ बार होता, तो एका ट्यूनरकडून १.२ वर नेला, टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) मात्र मूळचेच. आठ महिने गाडी भन्नाट पळाली आणि मग एक दिवस चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला असताना मागून निळा धूर, आणि आयडलला इंजिन हलायला लागलं. उघडल्यावर कळलं तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पाळी (कड) तुटलीय. बोअरला ओरखडे आहेत म्हणून ब्लॉक ८६.५ ला बोअर करायचं ठरलंय आणि पिस्टन फोर्ज्ड घ्यायचेत.

आता प्रश्न असा की पिस्टन तीन प्रकारचे मिळतायत, ८.५ चे, ९.० चे आणि १०.० चे. एक जण म्हणतो टर्बोला कॉम्प्रेशन जितकं कमी तितकं बरं, ८.५ च घे आणि बिनधास्त बूस्ट मार. दुसरा म्हणतो हे जुन्या काळचं झालं, आताच्या टर्बो गाड्या १० च्या वर येतात, तू १० घे म्हणजे खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटणार नाही. तिसऱ्याने सांगितलं ९ चे पिस्टन घे आणि जाड हेड गॅस्केट टाकून हवं तेवढं खाली आण. तिघांनाही अनुभव आहे, तिघंही माझ्या भल्याचंच सांगतायत, म्हणूनच जास्त गोंधळ.

गाडी रोजच्या वापराची आहे, ट्रॅकवर वर्षातून एखाद-दोन वेळा. इंधन ९५ ऑक्टेन. बूस्ट परत १.२ च ठेवायचाय. पण पुन्हा पिस्टन तुटलेला मला बघायचा नाहीये, एवढी एकच गोष्ट माझ्यासाठी पक्की आहे.

बूस्ट_आधी

८.५ घ्या, डोळे झाकून. साधा हिशोब आहे, कॉम्प्रेशन रेशोला एकूण प्रेशरने गुणायचं. १.२ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेचा १ बार धरून एकूण २.२, गुणिले ८.५ म्हणजे १८.७. हेच १० च्या पिस्टनवर केलं तर २२ होतं, ९५ ऑक्टेनवर २२ म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. १० वर तुम्हाला तोच १८.७ चा आकडा ठेवायचा असेल तर बूस्ट ०.८७ वर आणावा लागेल, मग टर्बो कशाला लावलाय. पॉवर बूस्टमधून येते, कॉम्प्रेशनमधून नाही. माझी स्वतःची गाडी ८.२ वर १.५ बार मारते, चार वर्षं झाली, हेड एकदाही उघडलेलं नाही.

पानेवाला

@बूस्ट_आधी तुमचं उत्तर आणि माझं उत्तर शेवटी फार लांब नसणार, पण हा गुणाकाराचा फॉर्म्युला मी इतक्या ठिकाणी वाचलाय आणि त्यावरून लोकांनी इतके पिस्टन निवडलेत की त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

तुमचीच दोन इंजिनं घेऊ. एक ८.५ वर १.२ बार, दुसरं १० वर ०.८७ बार, फॉर्म्युला म्हणतो दोन्ही सारखी. पण हवा दाबली की नुसतं आकारमान कमी होत नाही, ती तापते, त्यामुळे दाब रेशोच्या सरळ पटीत वाढत नाही, साधारण रेशोच्या १.४ घाताने वाढतो. त्या हिशोबाने पहिल्या इंजिनात स्पार्कच्या आधीचा दाब साधारण ४४ बार येतो आणि दुसऱ्यात ४७. म्हणजे दाब सारखा नाही. आत गेलेली हवा तर अजिबातच सारखी नाही, पहिल्यात २.२ आणि दुसऱ्यात १.८७, म्हणजे दुसऱ्यात १५ टक्के कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म्युल्यात तापमान कुठेच नाही. नॉकिंग म्हणजे काय, तर स्पार्कने पेटलेली ज्वाला कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपलं आपण पेटणं. ते तीन गोष्टींवर ठरतं, ते किती तापलंय, किती दाबलंय आणि त्याला किती वेळ मिळाला. तापमान काढून टाकलं तर उरलेला आकडा काय सांगणार.

आता तापमानाचं बघा. इंटरकूलरमधून निघून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, हवा ४५ अंशांवर येतेय असं धरू, म्हणजे ३१८ केल्विन. ८.५ ला दाबल्यावर ती कागदावर ७४८ केल्विनला पोचते, १०.५ ला दाबली तर ८१४ ला. ६६ अंशांचा फरक, मोठा आहे, मान्य. पण आता उलटं करा, रेशो ८.५ च ठेवा आणि मॅनिफोल्डमधली हवा ४५ ऐवजी ७३ अंशांवर येऊ द्या. उत्तर परत तेच, ८१४ च्या आसपास. म्हणजे इंटरकूलर दमला आणि हवा २८ अंशांनी गरम आली की स्पार्कच्या वेळच्या तापमानापुरतं तुमचं ८.५ चं इंजिन १०.५ चं झालं, पिस्टन न बदलता. खऱ्या इंजिनात भिंती उष्णता खातात, इंधन थंडावा देतं, आकडे थोडे खाली येतात, पण प्रमाण हेच राहतं. हे माझ्या वहीत मी लाल पेनाने लिहून ठेवलंय, कारण लोक अर्ध्या पॉइंटच्या कॉम्प्रेशनवरून आठवडाभर वाद घालतात आणि मॅनिफोल्डमध्ये किती अंशांची हवा येतेय ते कोणी बघतच नाही.

म्हणून तिसरा_सिलिंडर, पिस्टनच्या आधी मला हे सांगा, १.२ बारवर ओढताना मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान किती होतं? लॉग असेलच.

आणि कॉम्प्रेशन वाढवून मिळतं किती, तेही ऐका. ८.५ वरून ९.५ ला गेलात तर कागदावरची थर्मल एफिशियन्सी ५७.५ वरून ५९.४ टक्के, म्हणजे पॉवरमध्ये साधारण ३ टक्के. १.२ वरून १.३ बार केलं तर हवा साडेचार टक्के जास्त. तेव्हा निव्वळ पॉवरपुरतं बोलायचं तर @बूस्ट_आधी चं म्हणणं खरं आहे. फरक एवढाच की ते ३ टक्के बूस्ट नसतानाही मिळतात, सिग्नलवरून निघताना, चढावर, टर्बो जागा व्हायच्या आधी, आणि रोजच्या गाडीत आपण बहुतेक वेळ तिथेच असतो. मायलेजमध्येही दिसतं.

गॅस्केट_दोन

मध्येच विचारतो माफ करा, विषय जवळचा आहे म्हणून. माझं टर्बो नसलेलं इंजिन आहे, तेही ८६ बाय ८६, रेशो १०.५. त्यावर छोटा टर्बो लावायचाय, ०.५ बार. पिस्टन बदलायची तयारी नाही, म्हणून एक मिमी जास्त जाडीचं मेटल गॅस्केट टाकतोय. ठीक आहे ना?

पानेवाला

@गॅस्केट_दोन आकड्यात ठीक दिसेल, इंजिनात ठीक नाही. तुमचा एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन खालून वर जाताना व्यापतो ती जागा, ४९९.६ सीसी, १०.५ ला वरची जागा ५२.६ सीसी. ८७ मिमी भोकाचं गॅस्केट धरलं तर एक मिमी जाडी म्हणजे ५.९ सीसी, एकूण ५८.५, रेशो ९.५४. कागदावर एक पॉइंट खाली आला, खूश.

पण त्या एक मिमीने तुम्ही स्क्विश मारून टाकला. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, येतो तेव्हा हेडच्या सपाट कडा आणि पिस्टनच्या सपाट कडा एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तिथलं मिश्रण पिचकारीसारखं आत प्लगकडे ढकललं जातं, त्या घुसळणीने ज्वाला झपाट्याने पसरते. आणि कडेला जे थोडं उरतं ते दोन थंड धातूंच्या मध्ये इतकं पातळ असतं की तापूच शकत नाही. नॉकिंग सुरू होतं ते नेमकं याच कडेला. ही फट १ मिमीच्या आसपास असली तर ती तुमच्यासाठी काम करते, २ मिमी झाली की तिथे गरम मिश्रणाचा जाडसर थर उरतो आणि ज्वाला सगळ्यात शेवटी तिथे पोचते. रेशो एक पॉइंट खाली आणून जे कमावलं त्यातलं बरंचसं तिथे घालवलं. १०.५ वर घट्ट स्क्विश ठेवून, ९८ ऑक्टेन टाकून, चांगला इंटरकूलर लावून आणि टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) जपून ठेवून ०.५ बार चालवणं मला जास्त पटतं. रेशो कमी करायचाच असेल तर पिस्टनच्या वाटीतून (माथ्यावरच्या खळग्यातून) किंवा हेडच्या चेंबरमधून जागा काढा, फटीतून नको. तुमच्या मूळ गॅस्केटचीच जाडी ठेवा.

बुरेट_आणि_काच

@तिसरा_सिलिंडर सगळे रेशोबद्दल बोलतायत पण तुमचा रेशो खरंच ८.५ आहे का? पुस्तकातला आकडा फॅक्टरीतून निघालेल्या इंजिनाचा असतो. हेड आधी कधी उघडलं होतं का, फेसिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करणं, झालंय का, ब्लॉकच्या वरच्या तोंडावर मशीन फिरलंय का? जुनी गाडी हातबदल होऊन आली असेल तर हे आधीच्या मालकालाही माहीत नसतं. आणि पिस्टनच्या खोक्यावर जो ९.० छापलेला असतो तो मूळ हेड, मूळ गॅस्केट आणि मूळ डेक उंची (टीडीसीला पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून किती खाली राहतो ते) धरून काढलेला असतो. तुमचं हेड तसं नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाहीच.

हेड आता हातात आहेच तर मोजून टाका, एका दुपारचं काम आहे. चेंबरमधला कार्बन पूर्ण साफ करा, दोन्ही बाजूचे व्हॉल्व आणि प्लग बसवा, व्हॉल्व सीटला ग्रीसचं पातळ बोट फिरवा म्हणजे गळणार नाही. हेड उलटं, अगदी किंचित तिरकं ठेवा. ॲक्रिलिकच्या जाड तुकड्याला एक छोटं भोक पाडा, कडेला ग्रीस लावून चेंबरवर दाबून बसवा, भोक वरच्या बाजूला येईल असं. मग बुरेटने रंग टाकलेलं स्पिरिट किंवा पातळ तेल सोडा, शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत. जेवढं गेलं तेवढे सीसी. चारही चेंबर मोजा, अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक नको. पिस्टनची वाटी अशीच मोजता येते. डेकसाठी पिस्टन टीडीसीला आणून डायल गेज लावा, पण गेज पिनच्या रेषेत ठेवा, नाहीतर पिस्टन कलतो आणि रीडिंग फसतं.

अजून एक, कॉम्प्रेशन टेस्टच्या गेजवर जे येतं त्यावरून रेशो काढायचा प्रयत्न करू नका. ते रीडिंग कॅम, बॅटरी, रिंगा, थ्रॉटल उघडा होता की बंद, या सगळ्यावर बदलतं. त्याचा उपयोग चार सिलिंडर एकमेकांशी ताडून बघायला.

बूस्ट_आधी

@पानेवाला फॉर्म्युल्याबद्दल तुमचं पटलं, ४४ आणि ४७ चा हिशोब मी स्वतः करून बघितला, बरोबर आहे. तरी माझा मुद्दा सोडत नाही, कमी रेशो चुका माफ करतो. एखाद्या दिवशी इंधन खराब मिळालं, एखादा सेन्सर चुकला, इंटरकूलरचा पाइप सैल झाला, तेव्हा ८.५ चं इंजिन वाचेल आणि १० चं वाचणार नाही. पहिल्या टर्बो गाड्या बघा ना, १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो ६.९ वर होती, १९७५ ची पोर्शे ९३० तर ६.५ वर. त्या लोकांना इंजिनातलं कळत होतं.

पानेवाला

त्यांच्याकडे नॉक सेन्सर नव्हता आणि ९३० च्या सुरुवातीच्या ३.० मध्ये इंटरकूलरही नव्हता, म्हणून त्यांना तेवढं खाली जावं लागलं. हवा थंड करायची सोय नाही, नॉकिंग ऐकायला कान नाही, मग एकच उपाय उरतो, कॉम्प्रेशन पाडा. त्याची किंमतही त्यांनी मोजली, त्या गाड्या बूस्ट येईपर्यंत झोपलेल्या असायच्या आणि मग एकदम लाथ बसायची.

आणि उलटं उदाहरण त्याहून जुनं आहे. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर, टर्बो लावून चक्क १०.२५ रेशो. कसा टिकवला तर पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून बूस्टमध्ये आत फवारायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी करायची सोयही होती. लोक टाकी भरायचेच नाहीत, मग गाडीत दम नाही म्हणून तक्रार. इंजिनिअरिंग मात्र बरोबर होतं, रेशो वर ठेवायचा असेल तर उष्णता दुसऱ्या वाटेने बाहेर काढा. आताच्या गाड्या १० च्या वर जातात त्याचंही हेच कारण, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते तिथेच वाफ होताना हवेची उष्णता ओढून घेतं. तिसरा_सिलिंडरचं पोर्ट इंजेक्शन आहे, म्हणून ज्याने त्यांना "आताच्या गाड्या १० वर येतात" सांगितलं त्यांनी अर्धंच सांगितलं. निस्सानने तर व्हीसी-टर्बोमध्ये चालू इंजिनात रेशो ८ ते १४ मध्ये बदलायची सोय केली, बूस्ट जास्त तेव्हा ८ कडे, हलक्या पायाला १४ कडे. आपल्याला एकच आकडा कायमचा निवडायचाय, म्हणून तो निवडताना आपली हवा किती गरम आणि इंधन कोणतं हे आधी.

इथेनॉल जास्त असलेलं इंधन कायम मिळत असेल तर गोष्ट वेगळी, ई८५ ला ऑक्टेन जास्त आणि वाफ होताना थंडावाही पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, तिथे १० चे पिस्टन मी आनंदाने टाकले असते. पण इंजेक्टर आणि पंप त्या मापाचे लागतात, तिसेक टक्के इंधन जास्त जातं.

तिसरा_सिलिंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मोजण्यात गेले आणि जे निघालं ते बघून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

हेडचे चारही चेंबर ४४.० ते ४४.४ सीसीच्या मध्ये, सरासरी ४४.२. या इंजिनाचं मूळ माप ४७ आहे, म्हणजे हेडचं फेसिंग आधी नक्की झालंय, आणि चांगलंच. पिस्टन टीडीसीला ब्लॉकच्या तोंडाबरोबर येतोय, मूळ मापात तो ०.२ मिमी खाली असायला हवा, म्हणजे ब्लॉकवरही मशीन फिरलंय. जुन्या पिस्टनची वाटी ११.३ सीसी, गॅस्केट दाबल्यावर १.२ मिमी, ८७ भोकाचं, म्हणजे ७.१ सीसी. बेरीज ६२.६. रेशो ८.९८!! आठ महिने मी ८.५ समजून जवळजवळ ९ वर १.२ बार मारत होतो, आणि ज्याने ट्यून केलं त्यानेही ८.५ च धरलं होतं. गाडी मी वापरलेली घेतली होती, फेसिंगबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

आणि लॉग काढला. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या ओढीत शेवटी मॅनिफोल्डमधली हवा ६८ अंश. बाहेरची हवा तेव्हा ३० ची होती.

पानेवाला

६८ हा आकडा अगदी बसतो बघा. छोटा मूळ टर्बो १.२ बारवर त्याच्या कुवतीबाहेर फिरतोय, एफिशियन्सी ६० टक्क्यांवर आली असं धरलं तर ३० अंशांची हवा त्यातून साधारण १५८ वर बाहेर पडते. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढली तरी ६८ उरतात. तुमचा लॉग आणि हा हिशोब एकमेकांना दुजोरा देतायत.

आता ८.९८ रेशो आणि ६८ अंश एकत्र करा, दाबल्यानंतर ८२० केल्विन. ट्यून करणाऱ्याने ज्या इंजिनासाठी टायमिंग लावलं असेल ते ८.५ चं आणि ४५ अंशांच्या हवेचं असेल तर ७४८. सत्तरेक अंशांचा फरक त्या रिंगच्या पाळीने आठ महिने झेलला. पिस्टनला दोष देऊ नका, त्याने फार सोसलं.

उपायही याच हिशोबात आहे. १.२ वर ७० टक्के एफिशियन्सीत बसणारा जरा मोठा टर्बो आणि ८५ टक्के काम करणारा इंटरकूलर, हवा ४६ अंशांवर येते. फक्त तेवढ्याने, पिस्टनला हातही न लावता, जवळजवळ ५० अंश कमी.

आता पिस्टन. ८६.५ बोअरला स्वेप्ट ५०५.४ सीसी. खोक्यावर ९.० लिहिलेल्या पिस्टनची वाटी मूळ हेड धरून साधारण ७.९ सीसी निघते. तुमच्या ४४.२ च्या हेडवर आणि डेक शून्यावर तो ९.५ चा होईल. खोक्यावरचे ८.५ चे, वाटी साधारण १२.१, ते तुमच्याकडे ८.९७ चे होतात. ऑर्डर देण्याआधी वाटीचा खरा आकडा पिस्टन बनवणाऱ्याकडून लिहून घ्या, मी इथे उलटा काढलाय.

मी असतो तर ८.५ चे पिस्टन घेतले असते आणि गॅस्केट १.२ ऐवजी १.० चं. रेशो ९.१३, स्क्विश १.० मिमी. थंड हवेसकट स्पार्कआधीचं तापमान ७७२ च्या आसपास. म्हणजे रेशो आधीपेक्षा किंचित जास्तच, आणि तरी आधीपेक्षा पन्नासेक अंशांनी थंड. @बूस्ट_आधी, खोक्यावरचा आकडा शेवटी तुमचाच निघाला.

बूस्ट_आधी

माझा नाही हो, मी तर ८.५ समजून ८.९७ च सांगत होतो की. माझं स्वतःचं ८.२ पण पुस्तकातलंच आहे, पुढच्या वेळी उघडलं की मोजणार.

बुरेट_आणि_काच

दोन गोष्टी राहिल्यात. हेड आणि ब्लॉक मिळून इतकं मटेरियल निघालंय आणि आता गॅस्केटही पातळ करताय, तेव्हा व्हॉल्व आणि पिस्टनमधली फट प्लास्टिसिनचा गोळा ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून मोजा, इनटेक एक्झॉस्ट दोन्ही. कॅम क्रँकच्या जवळ आल्याने टायमिंग बेल्टमध्ये कॅम थोडा मागे पडतो, ॲडजस्टेबल पुली लावून डायलने बरोबर करून घ्या.

दुसरी रिंगांची. तुटलेल्या पिस्टनच्या वरच्या रिंगची दोन्ही टोकं बघा. ती आरशासारखी चकाकत असतील तर गरम झाल्यावर टोकाला टोक भिडत होतं, आणि पाळी तुटायला तेही एक मोठं कारण असतं, नुसतं नॉकिंग नाही. नवीन फोर्ज्ड पिस्टनला टर्बोसाठी वरच्या रिंगचा गॅप ८६.५ बोअरला साधारण ०.४५ ते ०.५ मिमी येतो, पिस्टनच्या कागदावर काय दिलंय ते अंतिम धरा.

तिसरा_सिलिंडर

टोकं आत्ता भिंगाखाली बघितली, मॅट आहेत, चकाकी नाही. म्हणजे उष्णताच.

एक शेवटचं विचारतो. ९.१३ झाल्यावर टायमिंगचा जुना मॅप थोडा मागे घेऊन चालेल का, की पहिल्यापासून? आणि प्लग?

पानेवाला

पहिल्यापासून, आणि जुना मॅप बेस म्हणूनही नको, तो चुकीच्या रेशोवर बनलाय. बूस्ट ०.५ वर ठेवून सुरू करा, टायमिंग मागे ठेवून एकेक अंश पुढे, नॉक सेन्सरच्या भरवशावर न राहता ब्लॉकला कान लावायचा हेडफोन सेट वापरा, त्यात पहिला टिक ऐकू आला की दोन अंश मागे या आणि तिथेच थांबा. टॉर्क वाढायचा थांबला असेल तर टिक येईपर्यंत पुढे जायची गरजच नाही. टायमिंग फार मागेही नको, एक्झॉस्ट तापतो आणि टर्बो भाजतो. पूर्ण बूस्टला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) ०.७८ ते ०.८२. आणि मॅनिफोल्डमधली हवा ५५ च्या वर गेली की टायमिंग आपोआप मागे येईल असा टेबल भरा, ६५ ला बूस्टही खाली यायला हवा. तुमच्या जुन्या मॅपमध्ये हा टेबल रिकामा होता की नाही ते बघून सांगा.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, गॅप ०.६५. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर काढून पांढऱ्या पोर्सेलिनवर भिंग धरा, ॲल्युमिनियमचे चंदेरी ठिपके दिसले तर गाडी तिथेच उभी करा.

तिसरा_सिलिंडर

बघितला. तापमानाचा टेबल पूर्ण शून्यांनी भरलेला आहे, पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत. ८.५ च्या पिस्टनचा वाटीचा आकडा आजच विचारला, १२.० आलाय, म्हणजे ९.१४. उद्या ऑर्डर देतो, इंटरकूलर आधी.